ऑपेरा हाऊस माहीत आहे, ऑपेरा नाही? मग इथून सुरुवात करा

गिरगावात वाढलेल्या माणसाला 'ऑपेरा हाऊस' पत्ता म्हणून माहीत असतं. ऑपेरा हाऊसला उतर, समोरच्या गल्लीत शिर, कुणालाही विचार. हिऱ्यांचे दलाल, बसचे कंडक्टर, आमच्या चाळीतले भाडेकरू, सगळे दिवसातून चार वेळा 'ऑपेरा' म्हणायचे आणि ऑपेरा म्हणजे युरोपातलं संगीत नाटक, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. माझ्या लहानपणी तिथे सिनेमे लागायचे. १९९३मध्ये थिएटर बंद पडलं, पुढे आम्हीही चाळ सोडून गोरेगावला आलो, आणि अथपासून इतिपर्यंत पहिला ऑपेरा मी ऐकला तेव्हा माझी चाळिशी उलटली होती.

हा लेख तेव्हाच्या माझ्यासारख्यांसाठी आहे. नाट्यगीतं, जुनी हिंदी गाणी, अधूनमधून एखादी मैफल असं ऐकणारे, आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत निघालं की 'आपल्याला त्यातलं काही कळत नाही बुवा' म्हणून चहा मागवणारे. मी संगीताचा मास्तर नाही, बँकेत नोकरी केली. म्हणून 'कसं समजून घ्यावं' या भानगडीत पडत नाही. आपल्याला काय आवडतं आणि काय आवडत नाही, ते ज्याचं त्याला कसं सापडेल तेवढंच सांगतो. दुसऱ्यांच्या आवडी उसन्या घेऊन मी तीन-चार वर्षं वाया घालवली आहेत. तुमची तरी वाचावीत.

पायरी पहिली: घरात आधीच वाजून गेलेलं उकरून काढा

तुम्ही अगदी कोरे नाही आहात. टायटन घड्याळाच्या जाहिरातीची धून आठवते? ती मोझार्टच्या २५व्या सिम्फनीची, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेची, सुरुवात. १७७३मध्ये त्याने ती लिहिली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' हे 'छाया'मधलं गाणं ठाऊक आहे? १९६१चं. सलील चौधरींनी त्याची चाल मोझार्टच्या ४०व्या सिम्फनीवरून बेतली. गंमत अशी की मोझार्टच्या एक्केचाळीस क्रमांकित सिम्फनींमध्ये मायनर स्केलमधल्या दोनच, आणि नेमक्या त्या दोन आपल्या घरात शिरल्या. मायनर म्हणजे ढोबळमानाने कोमल गंधार. आपल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो, असं माझं मत. शास्त्र म्हणून घेऊ नका.

शिवाय मुंबईच्या सिनेसंगीताचा ऑर्केस्ट्रा बराचसा गोव्याच्या वादकांनी उभा केला. चर्चशी जोडलेल्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेली ही माणसं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी गाण्यामागे व्हायोलिनचे थर रचले. लता मंगेशकरांचा आवाज थांबतो आणि वीस व्हायोलिन एकदम उसळतात, तो उसळणारा आवाज आपण पन्नास वर्षं ऐकत आलो आहोत. आता मधला आवाज काढून टाकायचा आणि ती व्हायोलिनच ऐकायची, इतकाच फरक.

तर पहिल्या आठवड्यात हे करा. फक्त तीन रचना घ्या, तिन्ही वेगळ्या जातीच्या. माझी निवड: मोझार्टच्या ४०व्या सिम्फनीचा पहिला भाग, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रा, साताठ मिनिटं. बाखच्या पहिल्या चेलो स्वीटचा प्रील्यूड (सुरुवातीचा तुकडा), म्हणजे एकच वाद्य, व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ, अडीच मिनिटं. आणि पुच्चिनीचं 'ओ मिओ बाब्बिनो कारो', म्हणजे एक बाई, मागे ऑर्केस्ट्रा, तेही अडीच मिनिटं. तिन्ही यूट्यूबवर फुकट आहेत. सात दिवस फक्त हेच. रोज एकदा, हात रिकामे ठेवून. भाजी चिरताना ऐकायला हरकत नाही, पण ते आठव्या दिवसापासून.

'मन शांत करणारं संगीत' अशा नावाच्या तीन-तीन तासांच्या संग्रहांपासून मात्र लांब राहा. त्यात तुकडे असतात, मूळ रचनेचं नाव नसतं, आणि आवडलेली गोष्ट पुन्हा सापडत नाही. नाव लिहून ठेवायची सवय इथूनच लावा. मोझार्टच्या रचनेपुढे 'के' आणि आकडा दिसतो. तो क्योखेल नावाच्या गृहस्थाने १८६२मध्ये केलेल्या यादीतला क्रमांक. बाखच्या रचनांना 'बीडब्ल्यूव्ही', बाकी बऱ्याच जणांना 'ओपस'. घराच्या पत्त्यातला पिनकोड समजा. नाव चुकलं तरी आकड्यावरून पोहोचता.

पायरी दुसरी: कान दुसऱ्या खुंटीवर टांगा

आपला कान दोन गोष्टींची वाट बघत असतो: षड्ज आणि सम. तंबोरा मागे चालू असतो, गवई कितीही लांब गेला तरी परत कुठे यायचं ते माहीत असतं. इथे तंबोरा नाही. उलट, षड्जच जागा बदलतो. पहिल्या काही दिवसांत जो एक बेचैन करणारा भाव येतो, 'हे चाललंय कुठे?', तो बहुतेक यामुळेच. कंटाळा समजून बंद करू नका.

मला उपयोगी पडलेला व्यायाम सांगतो. मोझार्टची ४०वी लावा आणि चाल ऐकूच नका. चाल सुरू होण्याआधी, क्षणभर, खालून एक धडधड ऐकू येते. ते व्हायोला. व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य, आवाज जरासा घोगरा. आपल्या गाण्यात ही धडधड नाही, म्हणून आधी कान तिच्याकडे जातच नाही. एकदा पूर्ण भाग फक्त या खालच्या हालचालीकडे कान ठेवून ऐका. दुसऱ्या वेळी चालीकडे. तिसऱ्या वेळी आणखी एक गोष्ट शोधा: साधारण मिनिटभरानंतर (वादकांच्या वेगाप्रमाणे मागेपुढे) दुसरी एक चाल येते, जरा हसऱ्या चेहऱ्याची, मेजरमध्ये, म्हणजे ढोबळमानाने शुद्ध गंधारात. तिची वाट धरून बसा. शेवटाकडे ती परत येते, पण आता मायनरमध्ये. तीच चाल, तेच वळण, आणि चेहरा पडलेला. हे पहिल्यांदा मला ऐकू आलं तेव्हा मी मालाड आणि गोरेगावच्या मध्ये होतो, म्हणजे उतरायचं स्टेशन मागे गेलेलं होतं.

रागात एक गोष्ट हळूहळू उलगडत जाते. इथे दोन-तीन पात्रं येतात, भांडतात, घर बदलतात आणि शेवटी जुन्या घरी परत येतात. हा फार ढोबळ हिशेब झाला, पण सुरुवातीला पुरतो.

'अलेग्रो', 'अदाजिओ', 'आंदांते' हे शब्द पाठ करू नका. ते जलद, विलंबित, मध्यलय यांचे इटालियन भाऊ आहेत. आपोआप कळतील.

पायरी तिसरी: ऑपेरा संगीत नाटकाच्या दारातून गाठा

इथे मराठी माणसाला सुरुवातीचीच आघाडी आहे आणि आपण ती वापरत नाही. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, १८८२मध्ये 'सौभद्र'. माणूस प्रेमात पडला की गाणार, रागावला की गाणार, रुक्मिणी पत्र पाठवताना गाणार, हे आपल्या आजोबा-पणजोबांना विचित्र वाटत नव्हतं. मग मरताना दहा मिनिटं गाणारी सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीत गाणारी बाई, विचित्र का वाटावी? पुरुषाने बाईचं काम करणं आपल्याला बालगंधर्वांमुळे सवयीचं. मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न' या ऑपेरात केरुबिनो नावाचा वयात आलेला पोरगा आहे आणि त्याचं काम बाई करते. पुढे तो पोरगा लपण्यासाठी मुलीचा वेश घेतो. म्हणजे बाई, मुलाच्या वेशात, मुलीचा वेश घेऊन. आपल्या प्रेक्षकाने यावर मिशीत हसून पान लावलं असतं.

वन्समोअरही तिकडचाच. 'फिगारो' १७८६मध्ये व्हिएन्नात रंगभूमीवर आलं तेव्हा लोकांनी इतके वन्समोअर घेतले की सम्राट जोसेफ दुसरा याने एकापेक्षा जास्त जणांनी गायची पदं पुन्हा घेऊ नयेत असा हुकूम काढला. प्रयोग संपेना, दुसरं काय.

फरक कुठे आहे? आपल्याकडे गद्य संवाद आणि मध्ये पदं. ऑपेरात बहुतेक वेळा संवादही सुरात. त्या सुरातल्या बोलण्याला रेसिटेटिव्ह म्हणतात आणि थांबून गायच्या पदाला आरिआ. दुसरा फरक मोठा, आणि माझ्या मते ऑपेराची खरी मजा त्यातच. चार-पाच माणसं एकाच वेळी, आपापलं वेगळं म्हणणं, वेगवेगळ्या चालीत गातात आणि तरी कालवा होत नाही. 'फिगारो'च्या दुसऱ्या अंकाचा शेवट ऐका. नवरा-बायकोच्या भांडणापासून, म्हणजे दोघांपासून, सुरू होतो, एकेक माणूस दार उघडून येत राहतो, आणि वीस मिनिटांनी रंगमंचावर सात जण गात असतात. नाटकात सात जण एकदम बोलले तर दिग्दर्शक तालीम थांबवेल.

आता मुख्य तक्रार: 'एवढं किंचाळतात कशाला?' मलाही सोप्रानोचा आवाज पहिलं वर्षभर सोसला नाही. कारण समजल्यावर थोडं सोपं झालं. ऑपेराचा गायक माईकशिवाय गातो, समोर साठ-सत्तर वाद्यं वाजत असताना. ऑर्केस्ट्राचा जोर खालच्या पट्टीत, साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त असतो. तयार गायक घशाची आणि तोंडाची पोकळी अशी वापरतो की आवाजातला ३,००० हर्ट्झच्या आसपासचा भाग उठून येतो, आणि तो ऑर्केस्ट्राच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. मोबाईलच्या स्पीकरवर नेमका हाच भाग कर्कश लागतो. म्हणून ऑपेरा मोबाईलच्या स्पीकरवर कधीही ऐकू नका. साधे हेडफोन चालतील.

एवढं करूनही सोप्रानो नाही आवडली तर नाही आवडली. मग खर्जातल्या आवाजाकडे वळा. मोझार्टच्याच 'डॉन जिओव्हान्नी'चा नायक बॅरिटोन आहे, म्हणजे मध्यम खर्जाचा पुरुषी आवाज. त्याच्याच 'जादूची बासरी'मधला सारास्ट्रो इतका खाली गातो की वेगळ्याच जातीचं संगीत वाटावं. आवाजातली थरथर खटकत असेल तर हँडेल आणि त्याच्या काळातली गाणी आजचे बरेच गायक कमी थरथरीने गातात, ती ऐका.

पहिला पूर्ण ऑपेरा कोणता? मी 'ला बोएम' म्हणेन. पुच्चिनी, तुरीन, १८९६. चार अंक, मध्यंतरं सोडली तर दोन तासांच्या आत. चार फटके तरुण, भाडं थकलेलं, घरमालक दारात. यातलं मुंबईकराला काय परकं आहे? गोष्ट आधी वाचूनच बसा, रहस्य फुटण्याची भीती बाळगू नका. 'सौभद्र'चा शेवट माहीत नसलेला प्रेक्षक होता कुठे?

पहिल्या अंकातली एक जागा नीट बघा. मिमी शेजारच्या खोलीतून विझलेली मेणबत्ती पेटवून घ्यायला येते. तिची किल्ली हरवते. रोदोल्फोची मेणबत्तीही विझते. दोघं अंधारात जमिनीवर चाचपडतात. किल्ली रोदोल्फोला सापडते आणि तो ती गुपचूप खिशात टाकतो. मग शोधता शोधता त्याचा हात तिच्या हातावर पडतो, आणि 'किती गार आहे हा हात' असं गाणं सुरू होतं. गाणं जगप्रसिद्ध आहे. पण ते त्या खिशातल्या किल्लीसकट ऐकायचं असतं. मी दोन वर्षं नुसतं गाणं ऐकत होतो, किल्लीचा पत्ता नव्हता. गाणं गोड लागायचं, एवढंच. किल्ली कळल्यावर हसू आलं आणि मग ते माझं झालं.

सुरुवातीला टाळायचं काय? वाग्नरचं 'रिंग'. चार ऑपेरांची मालिका, चार रात्री, मिळून पंधरा तासांच्या आसपास. आणि 'यात भारत आहे' म्हणून 'लाक्मे'पासून सुरुवात करू नका. १८८३चा फ्रेंच ऑपेरा, नीलकंठ नावाचा ब्राह्मण पुजारी खर्जात फ्रेंच गातो, मुलगी इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते आणि धोत्रा खाऊन मरते. दोघींचं फुलांचं गाणं अप्रतिम आहे, ते जरूर ऐका. बाकी गणपतीच्या सुट्टीत, घरच्यांबरोबर, हसण्यासाठी.

पायरी चौथी: घराबाहेर पडा

ऐन मुंबईत प्रत्यक्ष ऑपेराचा प्रयोग दुर्मिळ. हे आधीच मान्य करा. पण ऑर्केस्ट्रा आहे. परंपराही जुनी आहे: ऑर्केस्ट्राला हातवाऱ्यांनी चालवणारा तो कंडक्टर, तसे जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता, त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. आज नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांचे मोठे हंगाम साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात असतात, मधल्या काळात छोट्या मैफिली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचे चित्रित प्रयोगही एनसीपीएत पडद्यावर दाखवतात, खाली इंग्रजी अक्षरांसह. पहिला पूर्ण ऑपेरा तिथे बघणं सगळ्यात सोयीचं. पडद्यावर गायकाच्या कपाळावरचा घाम दिसतो, आणि घरी उठून पाणी प्यायला जायचा जो मोह होतो तो तिथे होत नाही.

आमचं ऑपेरा हाऊस २०१६मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. उघडलं तेव्हा मुंबईतच जन्मलेली सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायली. ऑपेरा क्वचितच असतो, पण काही छोटं-मोठं असेल तर त्या बाल्कन्या आणि ते छत बघायला तरी जा. चर्नी रोडवरून चालत. डिसेंबरात नाताळच्या आधी शहरात ठिकठिकाणी समूहगान असतं, वांद्र्यात तर हमखास. चार पट्ट्यांतले माणसांचे आवाज एकमेकांत कसे बसतात ते कळायला यासारखी शाळा नाही.

तिकिटाबद्दल. पहिल्या खेपेला महागडं तिकीट काढू नका. वरच्या बाल्कनीत आवाज बहुधा छान मिळून येतो, शिवाय वरून सगळा ऑर्केस्ट्रा नकाशासारखा दिसतो: डावीकडे व्हायोलिन, मागे फुंकवाद्यं, सगळ्यात मागे नगारे. कुठला आवाज कुठून येतो ते डोळ्यांनी शिकता येतं. मी एकदा बोनस मिळाला म्हणून दुसऱ्या रांगेत बसलो, आणि दीड तास पहिल्या व्हायोलिनवाल्यांचे बूट बघितले.

एसी फार गार असतो. शाल किंवा स्वेटर न्या, ओशाळू नका. कोट-टायची गरज नाही, ऑफिसचे कपडे चालतात. वेळ मात्र आपल्या नाट्यगृहासारखी पाळू नका, म्हणजे खरोखर पाळा. उशीर झाला की एखादी रचना संपेपर्यंत दार उघडत नाहीत. चर्चगेटहून टॅक्सी मिळते, विधान भवनाचं मेट्रो स्टेशन चालण्याच्या अंतरावर आहे, आणि हवा बरी असेल तर मरीन ड्राइव्हवरून चालत जाणं सगळ्यात चांगलं.

सुरुवातीला ओबो नावाचं वाद्य एक सूर धरतं आणि सगळे त्याला मिळवून घेतात. नवख्याला ते वादन वाटतं. तंबोरे जुळवताहेत, बसा स्वस्थ.

आणि टाळ्या. सिम्फनीचे बहुधा चार भाग असतात आणि मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत. दाद न देता बसायचं ही आपल्या माणसाला शिक्षाच. 'वाह' तोंडातून निसटतंच. चायकोव्स्कीच्या सहाव्या सिम्फनीचा तिसरा भाग असा दणक्यात संपतो की मुडदाही उठून टाळ्या वाजवेल. मी वाजवल्या. एकट्याने. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्या ताटात हात घातला असावा. मग चौथा भाग सुरू झाला, संथ, विझत जाणारा. चायकोव्स्कीने १८९३मध्ये तो सादर केला आणि नऊ दिवसांनी तो गेला. मला मात्र त्या भागातलं काही ऐकू आलं नाही, कान तापले होते.

पुढे वाचनात आलं की ही शिस्त काही वेदकाळापासूनची नाही. १८१३मध्ये बीथोव्हनची सातवी पहिल्यांदा वाजली तेव्हा लोकांनी दुसरा भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवून घेतला. म्हणजे वन्समोअर! हे त्या गृहस्थांना सांगायचं राहून गेलं. तुम्ही तरी सोपा नियम पाळा: कंडक्टरचे हात खाली येऊन तो लोकांकडे वळेपर्यंत आपले हात मांडीवर.

पायरी पाचवी: वही

इथपर्यंत आलात की सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं माहलरशिवाय सगळं व्यर्थ, कुणी म्हणतं मोझार्ट काय, पोरांसाठी. १९५०च्या दशकात मारिया कालास आणि रेनाता तेबाल्दी या दोन सोप्रानोंपैकी मोठी कोण यावर ऑपेराच्या भक्तांचे दोन तट पडले होते. आपल्या कट्ट्यांवर भीमसेन की कुमार यावर रात्री सरल्या, तसंच. भांडायला मजा येते. पण भांडायला आधी स्वतःचं काहीतरी हवं.

त्यासाठी एक दहा रुपयांची वही घ्या. काहीही नवीन ऐकलं की दोनच गोष्टी लिहा. एक, मन कुठे भरकटलं. दोन, दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना काय आठवलं. 'छान', 'भव्य', 'अप्रतिम' हे शब्द वहीत आणायचे नाहीत. ते दुसऱ्यांचे असतात.

वर्षभराने ती वही वाचा. माझ्या वहीत जे निघालं त्याने मीच चाट पडलो. मोठ्या सिम्फन्यांत मी बहुतेक वेळा भरकटलेलो. सकाळी आठवणारं सगळं चार वादकांच्या क्वार्टेटमधलं आणि त्यातही हायडनचं. तोवर मी चारचौघांत 'बीथोव्हनची नववी' असं उत्तर देत होतो. सत्तर मिनिटांच्या त्या सिम्फनीतल्या शेवटच्या भागाखेरीज मला एक ओळ आठवत नव्हती.

हायडन का, याचा मी विचार केला. तो नोकरदार माणूस होता, राजवाड्यात चाकरीला. एकदा मालकाचा उन्हाळी मुक्काम लांबतच गेला, वादकांना घरी जायची ओढ, रजा कोण मागणार? १७७२मध्ये हायडनने ४५वी सिम्फनी लिहिली. शेवटच्या भागात एकेक वादक वाजवणं थांबवतो, आपली मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी दोन व्हायोलिन. मालकाला अर्थ कळला, दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड हललं. एवढा सभ्य रजेचा अर्ज मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.

नावडीचीही नोंद ठेवा, पण तारीख घालून. वाग्नर मला पेलत नाही, हे तीनदा लिहिलेलं आहे. तरी त्याच्या 'ऱ्हाइनचं सोनं'ची सुरुवात मी आता महिन्यातून एकदा ऐकतो. १३६ बार (आपली आवर्तनं म्हणा), चार मिनिटांच्या आसपास, ऑर्केस्ट्रा एकाच मेजर कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या एकाच जुडीवर, बसून राहतो, नदीचा तळ हळूहळू हलायला लागावा तसा. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे माहेर वाटतं. गाणं सुरू झालं की मी बंद करतो. कुणाला विचारायचं नाही, चालतं.

आवड थोडी स्थिरावली की एकच रचना दोन जणांकडून ऐका. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (एका चालीची अनेक रूपं) १९५५मध्ये ध्वनिमुद्रित केली, सुमारे ३८ मिनिटांत. १९८१मध्ये पुन्हा केली, तेव्हा सुमारे ५१ मिनिटं लागली. काही आवर्तनं त्याने दुसऱ्यांदा घेतली हे एक कारण, पण सुरुवातीचा आरिआच (इथे गायचं पद नव्हे, पियानोवरची मूळ चाल) दोन्हींमधला लावून बघा. तोच माणूस, तेच स्वर. तरुणपणी पायऱ्या उतरल्यासारखा आणि मग प्रत्येक पायरीवर थांबून. तुम्हाला यांतलं कुठलं आवडतं, याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. मला सकाळी पहिलं आवडतं.

घरच्यांनाही ऐकवा, मात्र काही न सांगता. माझी आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती तेव्हा मी ते 'ओ मिओ बाब्बिनो कारो' लावलं. ती जन्मभर 'स्वयंवर' आणि 'मानापमान'ची पदं गुणगुणत आलेली. अर्धं होईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "लाडीगोडी लावतेय कुणालातरी. पण आतून धमकी आहे हो."

गाण्यात मुलगी बापाला सांगते की माझ्या प्रियकराशी लग्न करू दिलं नाहीत तर आर्नो नदीत उडी टाकेन. मी आईला अर्थ सांगितला. "मग बरोबर," म्हणाली, आणि मटाराचं भांडं पुढे सरकवलं, "बसलाच आहेस तर सोल."

कार्यक्रम संपल्यावर वही गाडीतच लिहा, घरी पोहोचेपर्यंत निम्मं उडतं. चर्चगेटला खिडकीची जागा धरायची आणि हेडफोन पिशवीतच ठेवायचे. माझी शेवटची नोंद गेल्या हंगामातली आहे: 'दुसरा भाग. चेलो. दादरपर्यंत होता. अंधेरीला भजनी मंडळ चढलं.'